पाणीयादी, आवृत्ती तिसरी

१२ मे, रविवार. सकाळी ८
ही वही मराठीत लिहिते, कारण या किझिल-ओरुक खेड्यातच काय, सरोवराच्या या सबंध दक्षिण काठावर मराठी वाचणारा एकही माणूस नाही. सून आयझिरेकला देवनागरी म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धुणं वाटतं. इथे खरं लिहिता येतं.

आज काचकिन पाटकरी पेनड्राइव्ह घेऊन आला. जिल्ह्याच्या पाणी-कचेरीने केझेकची तिसरी आवृत्ती काढली आहे म्हणे. केझेक म्हणजे इथल्या भाषेत पाळी. कोणत्या घराला पाटाचं पाणी कधी आणि किती मिनिटं, याची यादी करणारा प्रोग्राम. काळ्या खिडकीत नाव टाइप करायचं, यादी हजर. पहिली आवृत्ती ह्यांनी लिहिली, दुसरी मी. सव्वीस वर्षं दर दहा दिवसांनी यादी या घरातून जाते. हे गेल्यापासून सहा वर्षं एकटीच्या हातची.

आता पाटाला काँक्रीट केलंय, पाणी जास्त येतं, आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला, शेपटाला, नऊ नव्या बागा झाल्यात. म्हणून एकेचाळीसऐवजी पन्नास घरं, आणि म्हणून तिसरी आवृत्ती. काचकिन म्हणाला, अपा (इथे वडीलधाऱ्या बाईला अपा म्हणतात), जमलं नाही तर कचेरीतून माणूस बोलावू. मला! जलविज्ञान संस्थेच्या गणनविभागात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला! हा तेव्हा गाढवावर उलटा बसत होता.

उद्या दहापर्यंत उरकेल.

१३ मे, सोमवार. सकाळी १०
इन्स्टॉल केलं. विचारलं, केझेक, तुझी आवृत्ती कोणती? उत्तर : दोन.

दुपारी १
पुन्हा इन्स्टॉल केलं. दोन.

संध्याकाळी ५
तिसऱ्यांदा, वेगळ्या फोल्डरात, पासवर्ड देऊन, जरा दरडावून. मशीन म्हणतं, यशस्वी. कोणती आवृत्ती? दोन.
जिल्ह्याने पेनड्राइव्हवर माझीच आवृत्ती भरून पाठवली असणार. नवीन लिहायची अक्कल कुठून येणार? एका अर्थी हा माझा गौरवच आहे.

१५ मे, बुधवार
पहिली पाळी आज सुरू. यादी छापली. छापण्यासाठी मी काळ्या खिडकीत टाइप करत बसत नाही. ह्यांनी पडद्यावर लाल जर्दाळूचं एक चित्र करून ठेवलंय, खाली ह्यांचं नाव. त्यावर दोनदा क्लिक केलं की पन्नास प्रती आपोआप निघतात. उपडे कागद, गरम, ओळीने. प्रत्येक यादीच्या तळाशी ह्यांची ओळ : पाणी झालं की दार बंद करा.

काचकिन गठ्ठा न्यायला आला, छातीवर हात ठेवून वाकला. अजून माणसं आहेत.

१६ मे, गुरुवार
नाहीत.
सकाळी सातला फाटकावर रायकान. पोस्टात पस्तीस वर्षं शिक्के मारले, आता निवृत्त. शेपटाच्या नऊ नव्या बागांपैकी एक हिची. जर्दाळूची तीनशे रोपं, तिसरं वर्ष, यंदा पहिलं फळ. आत न बोलावता आत आली. “ए कुमुद, यादी एकेचाळिसावर संपते. आम्ही नऊजण काय सरोवर उचलून आणू? पंधरा दिवस पाणी नाही मिळालं तर फळ गळेल माझं.”
मी म्हटलं, जिल्ह्याची चूक आहे. ती म्हणाली, शेजारच्या तीन खेड्यांत याच पेनड्राइव्हवरून यादी बरोबर आली.
मी तिला चहा दिला. वाटी काठोकाठ भरून. इथे पाहुण्याला अर्धी वाटी देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि बसतो. काठोकाठ म्हणजे निघ आता. रायकानने वाटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळी पिऊन पुन्हा पुढे केली. या बाईला लाज नाही.

शेवटी काचकिनने नऊ घरांना हातानेच पाणी वाटलं. त्यामुळे वरच्या घरांच्या पाळ्या सरकल्या आणि दोन ठिकाणी फावडी उगारली गेली. याचं खापरही माझ्यावर.

१८ मे, शनिवार
आयझिरेक शाळेत भूगोल शिकवते. भूगोल शिकवणाऱ्याला कॉम्प्युटर येतो असं तिला वाटतं. आज भांडी विसळता विसळता म्हणाली, “अपा, तुम्ही छापताना ते जे... पडद्यावर डाव्या कोपऱ्यात आहे ना... ते वरच्यांचं...”
मी म्हटलं, कोणते वरचे? काय कोपऱ्यात? वाक्य पूर्ण कर. मदर क्लोटिल्ड आम्हाला बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये अर्धं वाक्य बोललं की उभं करत. ती लाल झाली आणि कढई घासायला लागली.

इथल्या सुना सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडाने घेत नाहीत. त्या नावासारखा शब्दसुद्धा टाळतात. मागासलेपणा! ही मुलगी घरात आली त्याच दिवशी मी बजावलं, माझ्या घरात हे चालायचं नाही. ती हो म्हणाली, आणि नऊ वर्षं ह्यांना ‘वरचे’ म्हणते. मी स्वतः ह्यांना ‘हे’ म्हणते, पण ती सवय आहे, अंधश्रद्धा नाही. दोन्हींत फरक आहे.

१९ मे, रविवार
सापडलं!
मशीनला विचारलं, केझेक नावाचे किती आहेत, सगळे दाखव. तर पाच. ह्यांची पहिली, माझी दुसरी, आणि तिसरीच्या तीन प्रती, मीच चढवलेल्या. मशीनकडे फोल्डरांची एक यादी असते आणि ते त्या क्रमाने दारं ठोठावतं. आत केझेक आहे का? जो पहिला ‘आहे’ म्हणेल त्याच्याकडून काम करून घेतं, पुढे जातच नाही. माझ्या दुसरीचं दार आधी, म्हणून ती उत्तर देते.
म्हणजे फक्त क्रम बदलायचा. पाच मिनिटांचं काम. मुद्दाम उद्यावर ठेवते. घाई खेडवळ लोक करतात.

२० मे, सोमवार
क्रम लावला. नीट, रीतसर. पंगतीला बसवतात तसा. दारापासून सर्वांत लांबची मानाची जागा सर्वांत वडील माणसाला, मग त्याच्याहून धाकटा, आणि कालची पोरं दाराशी, चपलांजवळ. एक्कावन्न वर्षं या देशात काढल्यावर हे कोणी शिकवावं लागत नाही. पहिली आवृत्ती पहिली, दुसरी दुसरी, तिसरी शेवटी.
जेवून आल्यावर दुसरी खिडकी उघडून विचारलं. कोणती आवृत्ती? उत्तर : एक.
आधी दोन होतं. एक झालं. मशीन उलट्या दिशेने चाललंय. जिल्ह्याच्या पेनड्राइव्हमध्ये रोग असणार.

२१ मे, मंगळवार
दुकानात रायकान भेटली. सगळ्यांसमोर म्हणाली, “आमच्या पोस्टात एका माणसाचे पाच पत्ते असले की चार खोडायचो. तू पाचही जपतेस, आणि पत्र कुठे गेलं म्हणून पोस्टमनला शिव्या देतेस.” दुकानातली माणसं हसली. जिला ईमेल आणि दुधाचं बिल यातला फरक कळत नाही, ती मला शिकवणार!

२३ मे, गुरुवार. सकाळी ११
आज स्वतंत्र विचाराने एक नवी पद्धत सुचली. तिसरीला मानाच्या जागी बसवायचं आणि चार पत्त्यांकडे दुर्लक्ष करायचं. वयाने लहान असूनही. मनाला पटत नाही, पण मशीनला संस्कार नसतात.
क्रम उलटा केला. विचारलं. एक!

सकाळी ११.४०
ज्या खिडकीत बदल केला ती खिडकी जुनंच धरून बसते. बंद करून नवी उघडावी लागते. हे मशीन बांधणाऱ्याला कोणीतरी गुडघ्यावर बसवायला हवं होतं. नवी उघडली.
कोणती आवृत्ती?
तीन.

तीन. तीन. तीन. दहा वेळा विचारलं. आयझिरेकला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान अपा, आणि पुन्हा त्या डाव्या कोपऱ्याकडे बघायला लागली. मत्सर.

२५ मे, शनिवार
आवृत्ती तीन आहे म्हटल्यावर कागद वाचत बसायची गरज नाही. जर्दाळूवर दोनदा क्लिक केलं, पन्नास प्रती निघाल्या. उपड्याच दोरीने बांधल्या. काचकिनला म्हटलं, कचेरीला कळव, इथे माणूस लागत नाही.

२६ मे, रविवार
एकेचाळीस.
नऊजण फाटकावर. रायकान सर्वांत पुढे, हातात यादी, काठीला बांधलेली. म्हणाली, “कुमुद, रोपांना वाचता येत नाही, नाहीतर त्यांनाच दाखवली असती.”
काचकिन आला. उभ्याउभ्याच बोलला, चहाला थांबला नाही. “अपा, तुमचा मान आहे. पण फळ आता बोराएवढं झालंय आणि तिसऱ्यांदा हातघाई झाली तर कोणाचं तरी डोकं फुटेल. चार जूनची यादी चुकली तर मी यादीचं काम कचेरीला देतो.”
सव्वीस वर्षं. कचेरीला!
काळी खिडकी उघडली, विचारलं. तीन म्हणते. म्हणजे मशीन बरोबर, कागद चूक. मशीन आणि कागद यांच्यामध्ये कोणीतरी हात घालतंय.

२८ मे, मंगळवार
आयझिरेकला समोर बसवून विचारलं. तुला काही माहीत आहे का? होय, अपा. मग सांग, कोणामुळे चुकतेय यादी? तिने पदराशी, म्हणजे एप्रनशी चाळा केला. म्हणाली, “नाव कसं घेऊ, अपा?”
हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ झालं. कोणीतरी माणूस आहे. आणि इतका धाक बसवलेला की सून नाव घ्यायला घाबरते. मी म्हटलं, नाव नको घेऊस, फक्त मान हलव. ती व्यक्ती या घरात आली होती? ती गोंधळली, मग हलवली. लॅपटॉपला हात लावला? हलवली. पोस्टासारख्या ठिकाणी सरकारी नोकरीत होती? सरकारी नोकरीला हलवली. पोस्टाला हलवणार तेवढ्यात दूध उतू गेलं.
पुरे. सोळा तारखेला रायकान दोन वाट्या चहा पीत लॅपटॉपच्या तोंडासमोर बसली होती.

२९ मे, बुधवार
संकल्प.
१. लॅपटॉप संदुकीत, किल्ली माझ्या गळ्यात.
२. पासवर्ड बदलणे. रायकानला सुचणार नाही असा.
३. ह्यांची दुर्बीण काढून रायकानच्या छपरावर नजर ठेवणे. तिचं घर उतारावर माझ्या अंगणाखालीच आहे.

३० मे, गुरुवार
नवा पासवर्ड विसरले. दिवस गेला. पण मलाच सुचत नाही म्हणजे रायकानला तर नाहीच. योजना यशस्वी म्हणायला हवी.

१ जून, शनिवार
पासवर्ड ओट्यावरच्या पिठाच्या डब्यावर लिहिलेला सापडला. माझ्याच अक्षरात.
आज मोठा निर्णय घेतला. माझी दुसरी आवृत्ती पुसली. आठ महिने खपून लिहिली होती, तेव्हा संस्थेत शेकोट्या पेटवून बसायचो. पुसताना मशीन म्हणालं, खरंच? होय म्हटलं. शास्त्रज्ञाने भावनेच्या आहारी जायचं नसतं.
नंतर उघड्याच असलेल्या एका जुन्या खिडकीत केझेक टाइप केलं तर उत्तर आलं, असं काही अस्तित्वात नाही. ती खिडकी दुसरीचा पत्ता लक्षात धरून होती. पाडलेल्या घराचं दार वाजवत उभी. नवी खिडकी उघडली आणि ठीक झालं. तिसरीच्या दोन जादा प्रतीही उडवल्या. आता उरल्या दोनच : तिसरी, आणि ह्यांची पहिली. ह्यांची पहिली कोणाच्या वाटेत येत नाही. फोल्डरांच्या यादीतूनच तिचं नाव काढलंय. मशीन तिचं दार ठोठावणारच नाही. राहू दे एका बाजूला.

४ जून, मंगळवार. सकाळी ८
या वेळी काहीही नशिबावर सोडलं नाही. काळ्या खिडकीत संपूर्ण यादी पडद्यावर काढली आणि चष्मा लावून ओळन्‌ओळ वाचली. पन्नास घरं. रायकान सत्तेचाळिसावी. स्वतःच्या डोळ्यांनी. मग संदुकीची किल्ली गळ्यात, दाराला आतून कडी, जर्दाळूवर दोनदा क्लिक. पन्नास प्रती. कोणाचीही नजर पडायच्या आत उपड्याच बांधल्या, वर गाठ, गाठीवर मेण.
काचकिनने मेणाकडे पाहिलं. छातीवर हात ठेवला. गेला.

५ जून, बुधवार
फाटकावर कोणी नाही.

६ जून, गुरुवार
कोणी नाही. दुर्बिणीतून पाहिलं. शेपटाच्या चारीला पाणी! रायकान गमबूट घालून फावड्याने वाफे फोडतेय.

७ जून, शुक्रवार
विजय. चोवीस दिवस, पाच आवृत्त्या, एक शत्रू, आणि शेवटी बुद्धी.
आयझिरेकला म्हटलं, बघ, गुन्हेगाराला लॅपटॉपपासून तोडलं आणि सगळं सुरळीत झालं. ती म्हणाली, हो अपा. आजकाल शाळेतून उशिरा येते. शाळेच्या प्रिंटरचं काहीतरी काम असतं म्हणे.

१० जून, सोमवार
आमच्या बागेची पाळी आज सहाला होती. ह्यांच्या वेळेपासून सोमवारची पहिली पाळी आमचीच, दोन तास. पाणी आलंच नाही. गुडघ्यामुळे मी पाटाच्या दारापर्यंत जात नाही, पाणी आयझिरेक घेते. ती म्हणाली, पाटात गाळ काढतायत, बुधवारी येईल.
गाळ जूनमध्ये काढतात! काचकिनला नियोजन नावाची गोष्ट माहीतच नाही.

१२ जून, बुधवार
आलं, पण सत्तर मिनिटांत बंद. आयझिरेक म्हणाली, आता प्रवाह जोरात असल्याने सत्तर मिनिटांत दोन तासांचं पाणी होतं. हे मात्र खरं आहे. हे माझ्या यादीत का नाही, ते बघायला हवं. सवडीने.

१४ जून, शुक्रवार
यादी. पन्नास प्रती. मेण. छातीवर हात. तक्रार नाही.

१८ जून, मंगळवार
कचेरीला पत्र लिहिलं. आपल्या प्रोग्राममुळे झालेल्या गोंधळाचं मी निवारण केलं असून, जिल्ह्यातील इतर खेड्यांतील पाटकऱ्यांसाठी वर्ग घेण्यास तयार आहे. विषय : एकाच नावाच्या अनेक आवृत्त्या आणि शिस्त. पहिला धडा, आपण काय चालवत आहोत हे आधी मशीनला विचारा. मदर क्लोटिल्ड यांनी शिकवलेल्या अक्षरात लिहिलं. अशी वळणं आता दिसत नाहीत.

२४ जून, सोमवार
यादी. मेण. छातीवर हात. कचेरीचं उत्तर नाही. पत्र पोस्टातून गेलं आहे, हे लक्षात ठेवायला हवं. पोस्टात अजून रायकानची भाची आहे.

४ जुलै, गुरुवार
यादी. मेण संपलं. बाकी तसंच.

१४ जुलै, रविवार
यादी. काचकिन म्हणाला, यंदा शेपटाची फळं वरच्या बागांपेक्षा मोठी आहेत. मी म्हटलं, बरोबर माणसाच्या हातात यादी असली की होतं असं. त्याने खाली बघितलं. नम्र झालाय आता.

१६ जुलै, मंगळवार. दुपारी ३
दुर्बिणीतून रायकानचं छप्पर. जर्दाळू वाळत घातलेत. छप्पर इकडून तिकडे केशरी. हिला एवढं फळ! आणि फळाखाली पांढरे कागद. सगळे एका मापाचे. ओळीने मांडलेले. वर्तमानपत्र असं पांढरं नसतं.
कुठून आणला असेल एवढा कोरा कागद? पोस्टातून चोरलेला. उद्या जाऊन रंगेहाथ पकडते.

१७ जुलै, बुधवार. संध्याकाळी
गुडघा धरून खाली गेले. शिडी चढले. रायकानने खालून शिडी धरली, “पडलीस तर तुझ्या अंत्यविधीला मलाच कणकेचे बोर्सोक तळावे लागतील,” म्हणाली.
कोरा कागद नव्हता. एक जर्दाळू बाजूला केला आणि कागद उलटला. पाणीयादी. चार जून. दुसरा उलटला. चौदा जून. पलीकडे चोवीस. पाच याद्या, पन्नास पन्नास प्रती, सगळं छपरावर. एकेचाळीस घरं. एकेचाळिसावर संपलेली प्रत्येक यादी. तळाशी प्रत्येकीवर ह्यांची ओळ, त्यावर रसाचे डाग.

खाली येऊन बसले. रायकान बोलली, आणि तिला संधी मिळाली की ती सोडत नाही.
म्हणाली, चार जूनपासून खेडं तुझ्या सुनेच्या यादीवर चालतं. ती शाळेत जिल्ह्याचा पेनड्राइव्ह लावते, छापते, काचकिन बंधाऱ्यावरच्या झाडाला लावतो. तुझा गठ्ठा तो इकडे आणून टाकतो. फेकवत नाही म्हणतो, अपांचं मेण आहे त्यावर.
मी म्हटलं, अशक्य. माझी खिडकी तीन म्हणते. मी डोळ्यांनी वाचली यादी.
“खिडकी म्हणू दे ना तीन! खिडकीला काळं कुत्रं विचारत नाही. तू छापतेस कशाने?”
मी म्हटलं, जर्दाळूवर क्लिक करून.
“तुझी सून आली होती इथे, मे महिन्यात. रडत. अपांना सांगायचंय आणि तोंडातून नाव निघत नाही. मला कागदावर चित्र काढून दाखवलं. एक जर्दाळू, आणि त्याच्यावर म्हाताऱ्याची उंच टोपी. मी पस्तीस वर्षं पत्ते वाचलेत, कुमुद. पाकिटावर पूर्ण पत्ता लिहिला असला की पोस्टमन गल्लीत कोणाला विचारत नाही, सरळ त्या दारी जातो. तू गल्लीतल्या दारांचा क्रम लावत बसलीस. त्या चित्राच्या पोटात पहिल्या आवृत्तीचा पूर्ण पत्ता लिहिलेला आहे, तुझ्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने. छापायची वेळ आली की तू दाबतेस ताश्तेमिर.”

सहा वर्षांत हे नाव माझ्यासमोर कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. मीही नाही.

मी विचारलं, मला कोणी सांगितलं का नाही. एवढ्या मोठ्या खेड्यात तोंड असलेलं माणूस नव्हतं?
“मी सांगणार होते. चौकात, ओरडून. काचकिनने अडवलं. म्हणाला, सांगितलं तर अपा ते पुसतील. मग बसतील पुसलेल्या जागेकडे बघत. छापू दे म्हणाला. कागद वाया जाणार नाही.”
मग तिने चहा ओतला. वाटी अर्धीच भरली. मी प्यायले. तिने पुन्हा अर्धी भरली. अशा सात वाट्या झाल्या. मी म्हटलं, तुझा चहा पाणचट आहे. ती म्हणाली, तुझ्या यादीतलं पाणी आहे, म्हणून.

१८ जुलै, गुरुवार
लॅपटॉप संदुकीतून काढला. जर्दाळूवर बोट ठेवलं आणि पुसण्याची आज्ञा दिली. मशीनने विचारलं, खरंच?
या मशीनला नको तिथे प्रश्न विचारायची खोड आहे. बंद करून टाकलं.

संध्याकाळी
आयझिरेकला म्हटलं, यादी तू करतेस असं ऐकलं. तिच्या हातातून पळी पडली. माफी मागायला लागली. मी म्हटलं, रडू नको, रकाने सरळ नाहीत तुझे. बंधाऱ्यावर जाऊन पाहून आले मी. चौथा रकाना तिरका आहे आणि तळाला सूचना नाही. यादीच्या तळाला सूचना हवी. काय सूचना, म्हणाली. तुला माहीत आहे काय. लिही.
तिने लिहिली. वाचून दाखवली. पाणी झालं की दार बंद करा. त्यात कोणाचं नाव येत नाही, त्यामुळे तिला अडचण आली नाही.

२३ जुलै, मंगळवार
कचेरीचं उत्तर आलं. तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे. म्हणजे वाचलं नाही.

२४ जुलै, बुधवार. सकाळी ९
आयझिरेकची यादी रात्रीच झाली होती. पन्नास घरं. आमची पाळी आता बुधवारी, बारावी, सत्तर मिनिटं. तक्रार करण्यासारखं बरंच आहे, पण आज नाही.
काळी खिडकी उघडली नाही. आवृत्ती विचारली नाही. ह्यांच्यावर दोनदा क्लिक केलं. पन्नास प्रती निघाल्या, उपड्या, गरम.
काचकिन दहाला आला. छातीवर हात ठेवून वाकला, मग आयझिरेककडून यादी घेतली. मी माझा गठ्ठा पुढे केला. तो घ्यावा की न घ्यावा अशा विचारात उभा राहिला.
म्हटलं, घे. रायकानची दुसरी तोडणी शुक्रवारी आहे. कागद कमी पडतील म्हणत होती.